आठ तारा आणि एक पट्टी

आधी हात पुसून या, मित्रांनो. तेलकट बोटांनी मला कुणी उचललं की मला मळमळायला लागतं. पुसलेत? मग बसा असे समोर. सांगते.

मी मोटारीतली एक जुनी पट्टी आहे. तांब्याच्या बारीक तारा वेणीसारख्या विणून केलेली, दीड वीत लांब, दोन्ही टोकांना एकेक भोक. एवढ्याशा पट्टीचं काय ते आयुष्य, असं तुमच्या मनात आलंच असणार. नळदुर्गच्या बाजारातल्या मोठमोठ्या फेटेवाल्यांनाही असंच वाटत होतं. त्यांच्या त्या शहाणपणाची आठवण झाली की मला अजून शिसारी येते. खोटं कशाला बोलू, ती शिसारी ओकून टाकायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

मी कुठल्या मुलखात विणली गेले ते मला ठाऊक नाही. जहाजातून मुंबईला आणि तिथून रेल्वेनं सोलापूरला आले, ती एका कोऱ्या लॉरीच्या पोटात बसूनच. नळदुर्गचे व्यापारी गुरुलिंगप्पा यांनी ती लॉरी घेतली. तेव्हा आपल्या भागात निजामाचं राज्य होतं, त्यामुळे हद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं लागलं. तिथला शिपाई पान चघळत आला, लॉरीचा कानाकोपरा तपासू लागला, आणि ड्रायव्हरच्या बैठकीची फळी उचलून नेमका माझ्या तोंडावर शिंकला. निजामाच्या मुलखात माझं स्वागत झालं ते असं.

आता माझं काम ऐका. फार सोपं आहे. मोटारीत बॅटरी असते. तिच्यातून वीज तारेनं निघते, दिवे लावते, इंजिनात ठिणगी पाडते. पण गेलेल्या विजेला परत घरी यावं लागतं, नाहीतर ती निघतच नाही. परत येताना ती मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून चालत येते आणि शेवटची उडी माझ्यावरून मारते. माझं एक टोक बॅटरीला, दुसरं टोक सांगाड्यावरच्या एका जाड बोल्टाखाली. तांबं लोखंडाला घट्ट टेकलेलं असलं, मध्ये घाण नसली, की झालं. मी एकटी पुरते. माझ्यासारख्या दहा जोडल्या म्हणून मोटारीला पंख फुटत नाहीत. बॅटरीत वीज असते तेवढीच असते.

हे सगळं ओळखणारा माणूस अख्ख्या नळदुर्गात एकच होता, लॉरीचा ड्रायव्हर बंडप्पा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगात खाकी सदरा, आणि हात, मित्रांनो, कायम धुतलेले! दर अमावास्येला लॉरी उभी असायची. त्या दिवशी तो फळी उचलायचा, कोमट पाणी आणि चिंच घेऊन माझी टोकं घासायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि बोल्ट पुन्हा पिळायचा. एकदा त्याची बायको रुद्रम्मा भाकरी घेऊन आली होती. तिला तो म्हणाला, "ही बघ. एवढीशी हाय, पन सगळा डोलारा हिच्यावर हाय." माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. मी सुखानं काम करू लागले. ज्वारी, शेंगा, गुळाच्या ढेपा आणि वर बसलेली माणसं घेऊन आमची लॉरी तुळजापूरचा घाट धडाधड चढायची. सकाळी बंडप्पानं हँडल एकदा फिरवलं की इंजिन बोलू लागायचं.

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी आपल्याकडे नांगर, कोयता, तराजू, सगळ्यांची पूजा होते. तशी लॉरीचीही व्हायचीच. गुरुलिंगप्पांची आई लक्ष्मम्मा ताट घेऊन आली. सारं गाव तिला अव्वा म्हणायचं. बाई मोठी भाविक आणि तितकीच करारी. लॉरीत शेंदूर नेमका कुठं लावायचा हा प्रश्न पडला. पुढचा पत्रा तापून लावलेलं कुंकू करपायचं, चाकाला लावावं तर ते चिखलात जायचं. अव्वानं फळी उचलायला लावली आणि तिला माझा बोल्ट दिसला. वाटोळा, ठेंगणा, नीट बसलेला. "हितं लावायचा," ती म्हणाली. "आनि वरवर नगं. काढ तो, खालनं बी लागू दे." बंडप्पानं बोल्ट काढून ताटात ठेवला. अव्वानं तेलात कालवलेला शेंदूर बोल्टाला, भोकाला, माझ्या टोकालाही चोपडला आणि बंडप्पानं आपल्या हातानं तो परत पिळला.

शी! तो चिकट, थंड गोळा माझ्या विणीत शिरला तेव्हा काय वाटलं सांगू? तोंडात कुणी मेण कोंबावं तसं झालं. बरं, शेंदूर लागला म्हणजे तो बोल्ट आता देव झाला. देवाला चिंचेनं घासणार कोण? त्या दिवसापासून बंडप्पाचं फडकं फक्त बॅटरीच्या टोकापर्यंत यायचं आणि बोल्टाला नमस्कार करून मागं फिरायचं.

पहिल्या वर्षी मी कसंबसं निभावलं. पण दर खंडेनवमीला नवा थर चढला. पाच वर्षांत बोल्टावर शेंदराचं असं कवच झालं की खालचं लोखंड शोधून सापडेना. त्यात वर वाहिलेल्या फुलांचा कुजका चिखल, उदबत्तीची राख, तेलाला आलेल्या मुंग्या. मी तांब्याची, मित्रांनो. मला चमकायला आवडतं. आणि मला त्या राडीत पाय बुडवून उभं राहावं लागत होतं, तेही भक्तीच्या नावाखाली.

वीज मला ओलांडायला धडपडू लागली. दिवे पिवळे पडले. इंजिनातली ठिणगी मरतुकडी झाली. बंडप्पा सकाळी हँडल मारायचा, पेट्रोल सोडायचा, पुन्हा हँडल मारायचा. ठिणगीच पडेना तर पेट्रोल पेटणार कसं? ते खाली मातीत गळून जायचं. दहाव्या-बाराव्या फेऱ्याला इंजिन कसंतरी खोकत उठायचं, तोवर बंडप्पाचा सदरा घामानं भिजलेला असायचा.

आणि नेमके ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर, मोजून मिळत होतं. गुरुलिंगप्पांच्या ध्यानात आलं की पूर्वी ज्या डब्यात चार खेपा व्हायच्या त्यात आता तीनसुद्धा होत नाहीत. ते बंडप्पाकडे तिरप्या नजरेनं पाहू लागले. तोंडानं मात्र अजून काही म्हणाले नव्हते.

अशात सोलापूरकडून शांतलिंग मिस्त्री नावाचा गृहस्थ आला. डोक्याला चपचपीत तेल, दाढेखाली तंबाखू, खांद्यावर तारेचं भेंडोळं. तो लॉरीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मालक, तुमची गाडी उपाशी हाय. एका पट्टीवर एवढं धूड चालतंय व्हय? म्या आठ तारा बांधतो. जोर दुप्पट, पेट्रोल निम्मं! सोलापुरात समद्या गाड्यांला हेच करून घ्यायलेत."

बंडप्पा हात जोडून म्हणाला, "मालक, तारा ऱ्हाऊ द्या. मूळ पट्टी बघू. म्या काल बोल्टाला हात लावला तर चटका बसला. पट्टी थंड अन् बोल्ट तेवढा गरम. म्हंजी तितंच काय तरी अडतंय. शेंदूर काढून साफ करून बघतो."

कसं अचूक बोलला होता माझा बंडप्पा! पण गुरुलिंगप्पा कडाडले, "अव्वानं लावलेला शेंदूर खरवडतूस? डोस्कं फिरलंय का तुजं?" जमलेल्या लोकांनीही कानाला हात लावले.

मग शांतलिंगानं आठ तारा बांधल्या. ते बांधकाम आठवलं तरी किळस येते. इंजिनापासून सांगाड्याकडे, सांगाड्यापासून पत्र्याकडे, पत्र्यापासून पुन्हा सांगाड्याकडे. लोखंडाला लोखंड आधीच धरून होतं, त्यांना या सुतळ्या कशाला हव्या होत्या? सात तारा अशा निव्वळ शोभेच्या. आठवी तेवढी त्यानं बॅटरीच्या टोकाला माझ्याच अंगाखाली खुपसली आणि दुसरं टोक सांगाड्याला बांधायला गेला. तिथं तार बसेना, म्हणून त्यानं कानस मारून जागा थोडी घासली. तंबाखूची एक पिचकारीही मारली, ती माझ्यावर उडाली. असो.

बंडप्पानं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या फेऱ्याला सुरू झालं.

काय तो जल्लोष! कारण काय, तर कानशीनं घासलेली ती रुपयाएवढी जागा. विजेला बऱ्याच वर्षांनी स्वच्छ लोखंड भेटलं होतं. बाकी काही नाही. पण ते बघायला वाकणार कोण? गुरुलिंगप्पांनी शांतलिंगाला भर बाजारात फेटा बांधला. लोक लॉरीपाशी येऊन तारा बोटानं मोजायचे. कुणी म्हणे घाटात लॉरी आता उडत जाते, कुणी म्हणे इंजिनाचा आवाजच बदलला. अहो, लॉरी तीच, घाट तोच! आणि गुरुलिंगप्पांनी काय करावं? पेट्रोल निम्मं लागणार म्हणून दुसऱ्या दिवसापासून बंडप्पाला निम्माच डबा भरून द्यायला सुरुवात केली.

महिना गेला. घाटाच्या हादऱ्यांनी आठव्या तारेचा हातानं दिलेला पीळ सैल झाला. बॅटरीच्या आम्लानं तिच्यावर हिरवी बुरशी चढली. घासलेली जागा गंजली. लॉरी पुन्हा खोकू लागली, पेट्रोल पुन्हा मातीत गळू लागलं, आणि निम्मा डबा दुसऱ्या खेपेला तुळजापूरच्या अलीकडंच संपू लागला. तीनदा तर माणसांनी ढकलत आणली.

आता बघा माणसांचा हिशेब कसा चालतो. आठ तारांनी जोर दुप्पट झालाय हे तर सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं. मग तारा चुकीच्या असणं शक्यच नाही. मग पेट्रोल जातं कुठं? बंडप्पा विकतो!

गुरुलिंगप्पा बाजारच्या दिवशी लॉरीपाशी उभे राहिले आणि शंभर माणसांसमोर म्हणाले, "बंडप्पा, तू चोर हाईस. न्हाईस म्हनतूस ना? मग पुढच्या बाजारी खंडोबाचा बेल-भंडार उचल अन् शपथ घे. न्हाय तर चावी टाक."

आठ वर्षं बंडप्पानं ती लॉरी स्वतःच्या लेकरासारखी सांभाळली होती. संध्याकाळी लॉरी लावल्यावर तो कितीतरी वेळ चाकावर डोकं ठेवून बसून राहिला. रुद्रम्मा त्याला शोधत आली तेव्हा म्हणाला, "शपथ घेतली तरी लोक म्हनत्याल, खोटी घेतली. न घेतली तर चोर हाईच."

रुद्रम्मा म्हणाली, "भंडाराला हात लावायचा न्हाय. चोरी केली न्हाय तर शपथ कशाची? म्या बघते." आणि ती ताडताड निघून गेली. माझ्या राडीतूनही मला तिच्या पावलांचा आवाज बरा वाटला.

बाजारचा दिवस उजाडला. लॉरीभोवती ही गर्दी. पुजारी बेल-भंडाराचं ताट घेऊन उभा. शांतलिंग मिस्त्रीही फेटा मिरवत हजर, दाढेखाली तोच तोबरा. गुरुलिंगप्पा म्हणाले, "हं, बंडप्पा." तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. रुद्रम्मा पुढं आणि तिच्या मागं लक्ष्मम्मा अव्वा, कंबरेत वाकलेली. तिच्या हातात भांगलणीचं खुरपं.

"फळी उचल," अव्वा बंडप्पाला म्हणाली.

फळी उचलली गेली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर ऊन पडलं. अव्वानं खाली वाकून त्या लाल ढेकळाकडे निरखून पाहिलं, मेलेल्या मुंग्या पाहिल्या, कुजलेली फुलं पाहिली, आणि तिनं नाकाला पदर लावला. मित्रांनो, त्या पदरानं मला केवढा दिलासा दिला! आजवर सगळ्यांनी त्या घाणीला हात जोडले होते. घाणीला घाण समजणारं पहिलं माणूस ते.

"अव्वा, हे काय करायलीस?" गुरुलिंगप्पा पुढं आले. "देवाचा शेंदूर हाय. लोक काय म्हनतील?"

"ह्या बोल्टाला देव कुनी केलं? म्याच ना? मग म्याच उतरविते." अव्वानं खुरपं उगारलं. "अन् लोकांचं सांगू नगंस. आठ दिस झालं लोक माज्या शेंदरापायी ह्या गरिबाला चोर म्हनायलेत, तवा न्हाय तुला लाज वाटली?"

खर्र! पहिला पोपडा उडाला. खर्र, खर्र! पाच वर्षांचे पाच थर. बंडप्पानं बोल्ट पिळून काढला, अव्वानं आतून खरवडलं, रुद्रम्मानं पदराची चिंच सोडली आणि माझं टोक लालबुंद होईस्तोवर घासलं. मग बंडप्पानं मला कोऱ्या लोखंडावर टेकवून बोल्ट आवळला. अहाहा! आठवलं की अजून अंग शहारतं.

"आता तारा," बंडप्पा म्हणाला आणि त्यानं पक्कड घेतली. शांतलिंग ओरडला, "अरे, तोडू नगं! गाडी बसंल!" पण कट, कट, कट, आठही तारा खाली पडल्या. बंडप्पा पुढं गेला, लोकांना पेट्रोलचा डबा दाखवला, त्यातलं फुलपात्रभर सोडलं आणि हँडल धरलं.

अर्धा फेरा, मित्रांनो. पुरा फेराही लागला नाही. इंजिन असं घुमलं की पुजाऱ्याच्या ताटातला भंडारा थरथरला. दिवसाउजेडीसुद्धा दिवे पांढरेशुभ्र दिसले.

आता तरी माणसं लाजतील असं मला वाटलं होतं. छे! गर्दी म्हणू लागली, "अव्वाच्या हाताला गुन हाय!" दोघंतिघं तर वाकून तोडलेल्या तारांचे तुकडे उचलत होते. एकानं आपल्या सायकलीला बांधण्यासाठी दोन तुकडे खिशात घातले. शांतलिंग म्हणत होता, "तारांचा जोर गाडीत मुरला हुता, म्हून निघाली." त्याच्या तोंडात मावत नव्हता एवढा खोटेपणा, तंबाखूसकट. आणि गुरुलिंगप्पा? ते चाकांकडे बघत म्हणाले, "बरं झालं. चला, माल भरा."

"गुरुलिंग," अव्वा म्हणाली, "ज्या तोंडानं चोर म्हनलास, त्याच तोंडानं बोल."

गुरुलिंगप्पा पुटपुटले, "बंडप्पा चोर न्हाय." इंजिनाच्या आवाजात ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. चोर म्हणताना मात्र त्यांचा आवाज वेशीपर्यंत गेला होता.

बंडप्पानं त्या दिवसाची तुळजापूरची खेप केली. डब्यात पेट्रोल उरवून परत आला, लॉरी पुसली आणि चावी गुरुलिंगप्पांच्या हातात ठेवली. "मालक, गाडीचा शेंदूर खुरप्यानं निघाला," तो म्हणाला. "मला जे लावलंय ते म्या कशानं काढू?" आणि तो गेला.

पुढचं काय सांगावं? नवा ड्रायव्हर आला. त्याला माझं काय! दोन वर्षांत शांतलिंगाच्या आठ तारा परत आल्या, मग त्यांच्या सोळा झाल्या. त्या जंजाळात मी पुन्हा बुरसटले, आणि एक दिवस लॉरी बसली ती कायमची. तिकडं बंडप्पा भाड्यानं बैलगाडी हाकत होता. पण त्याच्या गाडीत माल चढवताना लोक पोती दोनदा मोजत. उतरवताना पुन्हा दोनदा. रुद्रम्मा दारातून हे बघायची.

निजामाचं राज्य गेलं त्या साली लॉरी भंगारात निघाली. तेव्हा अव्वानं मला सोडवून घेतलं. तिला आता नीट चालवतही नव्हतं. तरी ती पदरात मला गुंडाळून, काठी टेकत बंडप्पाच्या गल्लीत आली आणि मला रुद्रम्माच्या हातात दिलं. "हे तुमचं," ती म्हणाली. मग ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं काठी आपटली. दारं उघडली, माणसं बाहेर आली.

"ऐका गं! ऐका रं समदे! शेंदूर म्या लावला हुता. आळ माज्या पोरानं घातला. अन् बाजारात त्यो पुटपुटला, म्हून आज म्या मोठ्यानं सांगाया आले. बंडप्पा चोर न्हाय!"

एवढ्या म्हाताऱ्या गळ्यातून तो आवाज कसा निघाला कोण जाणे. बंडप्पा बैलाला वैरण घालत होता. त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली आणि तो तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला. त्या आठवड्यापासून त्याच्या गाडीत पोती एकदाच मोजली जाऊ लागली.

आता मी त्याच्या घरात खुंटीवर असते. मित्रांनो, तुमच्या घरातलं काही अडलं, तर त्याला नवं काही बांधायच्या आधी जुनं एकदा उघडून, घासून बघा. आणि कुणा माणसावर बोट रोखायच्या आधी, आपण स्वतः कुठं काय चोपडून ठेवलंय तेही बघा. यापेक्षा जास्त मला काही मागायचं नाही.

खंडेनवमीला बंडप्पा मला खाली उतरवतो, चिंचेनं घासतो, कोऱ्या फडक्यावर ठेवतो. रुद्रम्मा झेंडूचं एक फूल आणते आणि थबकते. मग ते माझ्यावर न ठेवता माझ्या शेजारी, चार बोटं लांब ठेवते.